छातीतली तलवार

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले, तेव्हा आईने मला आतल्या खोलीत बोलावून दार लोटून घेतले. माझा हात धरून तिने तो आपल्या छातीखाली, दोन्ही बाजूंच्या बरगड्या जिथे एकत्र येतात त्या खळगीत ठेवला. तिथे काहीतरी टणक लागत होते. "दोन महिनं झालं. कुनाला सांगितलं न्हाई. तू कालिजात जातीस, तुझ्या पुस्तकात बघ हे काय हाय ते," ती म्हणाली. आमच्या आळीतील एक काकू गाठीनेच गेल्या होत्या. आईच्या मनात काय होते, ते मला विचारावे लागले नाही.

माझी पुस्तके मराठी साहित्याची आणि इतिहासाची. त्यांत हे उत्तर कोठून मिळणार? दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी नीट तपासले, वय विचारले. आई बेचाळीस वर्षांची आहे. "ही गाठ नाही, तुमचे हाडच आहे. सर्वांना असते," ते म्हणाले. आईचा जीव भांड्यात पडला, पण बाहेर आल्यावर तिने विचारले, "मग इतकी वर्सं कुठं हुतं त्ये?"

कॉलेज उघडल्यावर या प्रश्नापायी मी ग्रंथालयातून शरीररचनेचे पुस्तक काढले. त्यात जे समजले ते येथे मांडते.

छातीच्या मधोमध उभे असलेले चपटे हाड म्हणजे उरोस्थी. प्रौढ पुरुषात त्याची लांबी सुमारे १७ सें.मी. असते, स्त्रियांत थोडी कमी. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना ते आखूड तलवारीसारखे दिसले. वरचा रुंद भाग ही मूठ, मधला लांब भाग हे पाते आणि शेवटी निमुळते टोक. मुठीला मॅन्यूब्रियम म्हणतात; या लॅटिन शब्दाचा अर्थच मूठ. टोकाला झायफॉईड म्हणतात. तो ग्रीक शब्दावरून आला असून त्याचा अर्थ 'तलवारीसारखे' असा आहे. मूठ आणि पाते यांच्या सांध्यावर एक आडवा उंचवटा बोटाला लागतो. तेथेच दुसरी बरगडी जोडलेली असते, म्हणून डॉक्टर बरगड्या मोजण्यास तेथून सुरुवात करतात.

बरगड्यांच्या बारा जोड्यांपैकी वरच्या सात जोड्या कूर्चेच्या, म्हणजे मऊ लवचीक हाडाच्या, साहाय्याने उरोस्थीला थेट जोडलेल्या असतात. कूर्चा लवते, म्हणूनच श्वास घेताना छातीचा पिंजरा फुलू शकतो. हृदयाला पुढून या हाडाची ढाल मिळते, आणि त्याच्या पोटातील तांबड्या मज्जेत रक्तपेशी तयार होतात.

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. हे हाड जन्मतः अखंड नसते. गर्भ सुमारे सहा आठवड्यांचा असताना छातीच्या डाव्या व उजव्या बाजूला दोन वेगळ्या पट्ट्या दिसू लागतात. त्या हळूहळू जवळ येतात आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास वरून खाली अशा जुळत जातात. क्वचित त्या जुळत नाहीत आणि मूल छातीच्या हाडात फट घेऊन जन्मते.

जुळलेली ही पट्टी प्रथम सगळी कूर्चेचीच असते. गर्भाच्या पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास मुठीत व पात्याच्या वरच्या भागात हाड धरू लागते. पात्याचे तुकडे वयात येण्याच्या काळापासून पंचविशीपर्यंत एकमेकांना जोडले जातात, आणि तेही खालून वर. टोक मात्र सर्वांत मागे राहते. त्यात हाड धरण्यास सुरुवातच जन्मानंतर, तिसऱ्या वर्षी किंवा त्याहूनही उशिरा होते आणि साधारण चाळिशीत ते पात्याशी एकजीव होते. कोणाचे टोक दुभंगलेले असते, कोणाचे बाहेर वळलेले. जे इतकी वर्षे मऊ होते ते चाळिशीत टणक लागू लागते, आणि माणूस घाबरतो.

पुढच्या सुट्टीत मी आईला सांगितले, "ते तिथंच होतं, आता पक्कं झालं." तिने लगेच आळीतल्या बायकांना बोलावले. एकेक जण छातीखाली बोट दाबून पाहू लागली. दोघींना तसेच लागले. मी त्यांना एवढेच सांगितले की, हे हाड भिण्यासारखे नाही. पण हाड कोणते आणि गाठ कोणती, हे घरी बसून ठरवू नका. आईला दवाखान्यात अर्धा तास लागला. त्याआधी तिने दोन महिने रात्री जागून काढल्या होत्या.