गिनीपिगची पिल्ले : आहार आणि रोजची निगा

या स्मरणिकेच्या पानांवर शिष्यवृत्त्या, वाचनालय आणि वैद्यकीय मदत यांचा हिशोब वाचकांस मिळेलच. त्याच पंक्तीत एका वीतभर मुक्या प्राण्यालाही पान मांडावे असे आम्हास वाटले, आणि त्याला कारण आहे. इंदूरचे जुने वाडे जाऊन त्यांच्या जागी सदनिका आल्या. गाय गेली, अंगण गेले, कुत्रा पाळण्यास शेजाऱ्यांची ना असते. मुलांची प्राणी पाळण्याची हौस मात्र तशीच राहिली. मग कोणी वाढदिवसाला गिनीपिगची जोडी आणून देतो. पिल्ले गोजिरवाणी दिसतात, चावत नाहीत, भुंकत नाहीत, आणि दुकानदार सांगतो, "काहीही खातात, काही त्रास नाही." यातील शेवटचे वाक्य खरे नाही. त्यावर विसंबल्यामुळे कित्येक पिल्ले थोड्याच दिवसांत दगावतात, आणि "आई, ते का गेले?" या मुलाच्या प्रश्नाला घरात कोणाजवळच उत्तर नसते. ते उत्तर आधीच हाती असावे, एवढ्याचसाठी हा लेख.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. नावात 'पिग' असला तरी हे डुक्कर नव्हे, आणि आफ्रिकेतील गिनी देशाशीही त्याचा संबंध नाही. तो उंदीर-खारीच्या कुळातील, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या मुलखात, आजच्या पेरू देशाच्या आसपास, तेथील लोकांनी त्यास काही हजार वर्षांपूर्वी माणसाळविले. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला व तेथून जगभर पसरला. थंड, कोरड्या डोंगराळ प्रदेशात, कळप करून, दिवसभर गवत चरणारा हा जीव आहे. हे एक वाक्य ध्यानात ठेवले तर पुढील बहुतेक नियम आपोआप सुचतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. गाय, बकरी, कुत्रा, मांजर हे प्राणी आपल्या शरीराला लागणारे क जीवनसत्त्व, म्हणजे डॉक्टरांचे व्हिटॅमिन सी, स्वतःच्या यकृतात तयार करतात. मनुष्यास ते करता येत नाही, आणि गिनीपिगलाही येत नाही. या बाबतीत तो आपला भाऊबंदच होय. सन १९०७ मध्ये नॉर्वेतील अॅक्सेल होल्स्ट व थिओडोर फ्रोलिख हे दोन संशोधक खलाशांच्या आजाराचा अभ्यास करीत होते. त्यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवले, तेव्हा त्या प्राण्यांना खलाशांना होणारा स्कर्व्ही रोग जडला. कोबी किंवा लिंबाचा रस दिल्यावर तो हटला. पुढे हंगेरीतील आल्बर्ट सेंट-ग्यॉर्जी यांनी तेथील लाल मिरचीपासून हे द्रव्य विपुल प्रमाणात वेगळे केले, आणि १९३७ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. ते द्रव्य म्हणजेच क जीवनसत्त्व, हे सिद्ध करण्याच्या कामी पुन्हा गिनीपिगच उपयोगी पडला. आपल्या मुलांच्या हिरड्या आज ज्या ज्ञानामुळे शाबूत राहतात, ते ज्ञान या प्राण्याच्या जिवावर मिळाले आहे. तेव्हा त्याच जीवनसत्त्वावाचून तो आपल्या घरात मरावा, ही फारच लाजिरवाणी गोष्ट होईल.

वाढत्या पिल्लाला या जीवनसत्त्वाची गरज मोठ्या प्राण्याहून अधिक असते. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ३० मिलिग्रॅम हे प्रमाण धरावे. पाव किलोच्या पिल्लाला म्हणजे रोज सात-आठ मिलिग्रॅम झाले. हिशोब अवघड नाही. ढोबळी मिरचीचा १५ ग्रॅमचा ताजा तुकडा दिला की एका पिल्लाची दिवसाची गरज भागते. आवळा व पेरू यांत तर हे सत्त्व त्याहूनही जास्त आहे. परंतु पेरू गोड व आवळा आंबट, म्हणून आठवड्यातून दोनदा नखाएवढी फोड पुरे. मात्र हे सत्त्व शरीरात साठून राहत नाही, सबब ते रोजच्या रोज दिले पाहिजे. शिजविल्याने व चिरून ठेवल्याने ते कमी होते, म्हणून भाजी कच्ची आणि ताजी हवी. पिण्याच्या पाण्यात थेंब टाकण्याची युक्ती काही ठिकाणी सांगतात, पण पाण्यात ते लवकर नाश पावते आणि पाण्याची चव बदलल्याने पिल्लू पाणी पिणेच कमी करते.

तथापि भाजी म्हणजे या प्राण्याचे जेवण नव्हे. जेवण म्हणजे गवत. त्याचे वीसही दात आयुष्यभर वाढत राहतात आणि तंतुमय गवत सतत चावल्यानेच ते झिजतात. गवत कमी पडले की दात वाढून जिभेवर व गालावर रुततात, आणि भुकेले असूनही पिल्लाला खाता येत नाही. त्याची आतडीही तंतूंवरच चालतात. म्हणून स्वच्छ वाळलेले गवत पिंजऱ्यात अहोरात्र, हवे तेवढे असावे. चाऱ्याच्या दुकानात मिळणारी मोळी घेताना गवताचा रंग थोडा हिरवट आहे, वास गोड आहे आणि त्यात धूळ किंवा बुरशी नाही, हे पाहावे. पावसाळ्यात तर हे रोज पाहावे. गव्हाचे भूस पोट भरते पण पोसत नाही. लसूणघासात चुना भरपूर असतो; वाढीच्या वयात, साधारण सहा महिन्यांपर्यंत, तो साध्या गवताच्या जोडीला देण्यास हरकत नाही, पण पुढे तोच मूतखड्याला कारण होऊ शकतो.

ताज्या हिरव्या चाऱ्यात गणपतीला वाहतो त्या दूर्वा उत्तम. मात्र निर्माल्यातील कुंकू-गुलाल लागलेल्या दूर्वा देऊ नयेत, तसेच रस्त्याकडेचे व औषध फवारलेले गवतही आणू नये. भुट्ट्याच्या मोसमात इंदूरच्या घराघरातून कणसांची कोवळी हिरवी साले टोपलीभर फेकली जातात. ती धुऊन दिली तर पिल्ले आवडीने खातात. कोथिंबीर, काकडी, गाजराचा पाला हे चालते. गाजर गोड असते, ते थोडे द्यावे. कोबी-फ्लॉवरने पोट फुगते व पालक रोजचा बरा नव्हे, म्हणून ही दोन्ही क्वचितच द्यावीत. भाजी दिवसाला एका पिल्लामागे लहान वाटीभर असावी. कोणताही नवा जिन्नस एकदम न देता आधी पानभर द्यावा आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या घट्ट आहेत ना, हे पाहून मग वाढवावा.

काय देऊ नये, हेही आमच्या आजीबाईंनी नीट ऐकावे, कारण प्रेमाचा घास बहुधा त्यांच्याच हातून जातो. पोळी, भात, डाळ, बिस्किट, शेव, गूळ, दूध, चॉकलेट यांपैकी काहीही नको. कांदा, लसूण व बटाटा मुळीच नको. बाजारात गिनीपिगसाठी दाणेदार खाद्य मिळते. ते रोज चमचाभर चालेल, पण सशाचे खाद्य त्याऐवजी देऊ नये, कारण सशाला क जीवनसत्त्व बाहेरून लागत नाही व त्याच्या खाद्यात ते नसते. पिल्लू आपलीच मऊ लेंडी तोंडाने उचलून खाताना दिसले तर मुलांनी शिसारी धरू नये की त्याला रागावू नये. त्यातून त्याला जरुरीची सत्त्वे मिळतात. निसर्गाने त्याची पचनक्रियाच तशी योजली आहे.

घरी पिल्ले जन्मली तर काय करावे? मादी सुमारे ५९ ते ७२ दिवस गाभण राहते, आणि पिल्ले अंगावर केस, डोळे उघडे व दात आलेले अशीच जन्मतात. काही तासांत ती चालू लागतात, व पहिल्या दोन-चार दिवसांतच आईच्या शेजारी बसून गवत कुरतडतात. तरीही तीन आठवडे त्यांस आईचे दूध मिळालेच पाहिजे, आणि दुकानातूनही याहून लहान पिल्लू घेऊ नये. आईला दोनच स्तन असतात. पिल्ले तीन-चार असली तर कमजोर पिल्लू मागे पडत नाही ना, याकडे लक्ष द्यावे. गाभण व दूध पाजणाऱ्या मादीला हिरवा पाला नेहमीच्या दुप्पट द्यावा. नर मात्र बाळंतपणापूर्वीच वेगळा करावा, कारण व्याल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. तीन आठवड्यांची नर-पिल्लेही आई व बहिणींपासून वेगळी ठेवावीत. या जातीत माद्या चार-पाच आठवड्यांच्या कोवळ्या वयातच गाभण राहू शकतात. म्हणून पाळायची असल्यास दोन माद्या किंवा दोन भाऊ अशी जोडी सोयीची. एकटे पिल्लू मात्र ठेवू नये, ते कळपातले जनावर आहे.

दोन पिल्लांना निदान ४ फूट लांब व २ फूट रुंद जागा द्यावी. तळ सपाट असावा. जाळीच्या तळाने पायांना जखमा होतात. खाली वर्तमानपत्र आणि त्यावर गवत किंवा सुती फडके अंथरावे. उग्र वासाच्या लाकडाचा भुसा नको. लपण्यास दोन दारांचा एक खोका ठेवावा, म्हणजे एकाने दुसऱ्याला कोंडता येणार नाही. मांजर, घूस व मुंगूस यांपासून रात्री बंदोबस्त हवा.

माळव्याच्या रात्री थंड असल्या तरी मे महिन्याच्या दुपारी पारा ४० अंशांपर्यंत चढतो. या प्राण्याला १८ ते २४ अंश मानवतात आणि तीसच्या पुढे उष्माघाताचे भय असते. म्हणून उन्हाळ्यात पिंजरा घरातील सर्वांत थंड खोलीत हलवावा, गच्ची-बाल्कनीत ठेवू नये. वाळ्याचा पडदा किंवा कूलर लावावा, पण वाऱ्याचा झोत थेट अंगावर नको. फडक्यात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली शेजारी ठेवली तर पिल्ले तिला टेकून पडतात. पिल्लू आडवे पडून धापा टाकू लागले तर त्यास लगेच गारव्यात न्यावे, कान व पाय साध्या पाण्याने ओले करावेत आणि डॉक्टर गाठावा. बर्फ लावू नये.

रोजचा क्रम असा ठेवावा. सकाळी पाणी बदलून बाटली धुवावी, शिळा पाला व ओले अंथरूण काढावे, नवे गवत भरावे. संध्याकाळी भाजी द्यावी. भाजी आणणे हे काम मुलाचे, आणि सगळ्यांनी खाल्ली का हे पाहणे मोठ्यांचे. आठवड्यातून एकदा सारा पिंजरा धुऊन वाळवावा, व त्याच दिवशी स्वयंपाकघरातील काट्यावर प्रत्येक पिल्लाचे वजन करून वहीत मांडावे. वाढत्या पिल्लाचा काटा दर आठवड्याला पुढे सरकलाच पाहिजे. उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली द्यावा. लहान मुलांनी जमिनीवर बसूनच मांडीवर घ्यावे, कारण हातभर उंचीवरून पडले तरी हाड मोडते. अंघोळीची गरज नसते. नखे मात्र वाढली की टोके कापावीत.

वजनाच्या वहीचे महत्त्व आम्ही मुद्दाम सांगतो. शिकार होणारे प्राणी आपले दुखणे लपवितात. गिनीपिग शेवटपर्यंत धडधाकट असल्यासारखा बसून राहतो. म्हणून घटलेले वजन, कमी झालेल्या लेंड्या, विस्कटलेले केस, वाहणारे नाक, पाय आखडून बसणे, हिरड्यांतून रक्त येणे ही लक्षणे पाहावीत. आणि भाजी दिसली की शिट्टी वाजविणारे पिल्लू एखाद्या सकाळी गप्प राहिले व अन्नास शिवले नाही, तर उद्यावर ढकलू नये. दिवसभराच्या उपासाने त्याची आतडी बंद पडू शकतात. घरातील माणसांच्या गोळ्या तर कधीच देऊ नयेत. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही आपल्याला तारणारी औषधे त्याच्या आतड्यांतील उपयोगी जंतू मारतात आणि त्याचा जीव घेऊ शकतात. पशुवैद्यासच दाखवावे, आपल्या जवळ महू येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे किंवा शहरात, लहान प्राणी पाहणारा डॉक्टर कोण, ही चौकशी पिल्लू आणण्याआधीच करून ठेवावी.

नीट सांभाळलेला गिनीपिग पाच ते आठ वर्षे जगतो. म्हणजे तिसरीतील मुलाने आणलेले पिल्लू त्याच्या शालान्त परीक्षेपर्यंत घरात राहील. तेवढी वर्षे रोज दोन वेळा त्याची वाटी भरण्याची तयारी असेल तरच ते आणावे, नसेल तर मुलास तसे स्पष्ट सांगावे. ज्या घरी अशी पिल्ले आधीच आली आहेत, त्यांनी आज भाजी निवडताना कोथिंबिरीच्या चार काड्या व ढोबळ्या मिरचीची एक फोड बाजूला काढून ठेवावी.