तळमळ खरी असली म्हणजे आत्मभान असतंच?

आत्मभान म्हणजे स्वतःच्या आत डोकावणं, आणि ज्याची तळमळ खरी त्याला ते आपोआप असतंच, असं नेतृत्वाविषयी बोलताना सर्रास गृहीत धरलं जातं. हैदराबादच्या जामबागेतल्या विवेकवर्धिनी या मराठी मंडळींच्या संस्थेच्या नाट्यगृहात नोव्हेंबर 1921 मध्ये जे घडलं, त्यापुढे हा समज टिकत नाही. निजामाच्या संस्थानातली समाजसुधारणा परिषद तिथे भरली होती आणि अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. भाषणं इंग्रजी, उर्दू आणि मराठीत चालली होती. आलमपल्ली व्यंकटरामाराव हे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले, तेव्हा मराठी श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. संस्थानात तेलुगू बोलणारे जवळपास निम्मे होते, मराठी बोलणारे सुमारे पाव. म्हणजे प्रजेतल्या सर्वांत मोठ्या गटाची भाषा सुधारकांच्याच सभेत चेष्टेचा विषय झाली.

ही माणसं ढोंगी होती म्हणून हे झालं, असं म्हटलं की प्रश्न फार स्वस्तात सुटतो. भाषेची अवहेलना त्यांनी स्वतः सोसलेली होती. 1884 पासून कारभार उर्दूत चालत होता आणि 1918 मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचंच होतं. तरीही सोसलेलं जेवढं लख्ख दिसत होतं, तेवढं आपण दुसऱ्याला सोसायला लावतो आहोत हे दिसलं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टाशा युरिक यांनी 2018 मध्ये मांडलेल्या निष्कर्षांतून याचा उलगडा होतो. स्वतःला ओळखणं आणि आपण इतरांना कसे दिसतो हे ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही. आपल्याला आत्मभान आहे असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात युरिक यांच्या कसोटीला उतरले ते जेमतेम 10 ते 15 टक्के. शिवाय अनुभव आणि अधिकार वाढला की ही चूक कमी होण्याऐवजी वाढण्याचाच संभव जास्त, कारण तोंडावर खरं सांगणारे कमी होत जातात.

आजच्या मोजपट्टीने 1921 ची सभा मोजणं अन्यायाचं आहे, असा आक्षेप कुणी घेईल. पण ती मोजपट्टी त्या सभागृहातच होती. दुखावलेली तेलुगू मंडळी त्याच रात्री टेकुमाळ रंगाराव यांच्या घरी जमली आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. दोष कुणी दाखवलाच नव्हता असं नाही. तो ऐकून घेण्याची सोय त्या व्यासपीठावर नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इतरांच्या नजरेतून स्वतःकडे पाहत राहिलं तर सच्चेपणा उरेल कुठे, माणूस लोकांना खूश करण्यामागेच धावेल, अशी ही भीती. तिला उत्तर खुद्द कर्व्यांच्याच आयुष्यात सापडतं. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरुड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. गाव आपल्याकडे कसं बघेल हे त्यांना ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. ठाऊक असूनही ते मागे हटले नाहीत. लोकांचं मत समजून घेणं आणि त्यापुढे मान तुकवणं यात केवढं अंतर आहे, हे यातून कळतं. उलट बाजूही आहे. ‘मी असाच, तोंडावर बोलणारा’ याला सच्चेपणा म्हणायची आपल्याकडे खोड आहे (दिवाणखान्यापासून पक्ष कार्यालयापर्यंत). हुर्यो उडवणारेही मनात होतं तेच करत होते, मनात एक आणि बाहेर एक असं त्यांचं नव्हतं. त्यांच्या त्या वागण्याला सच्चेपणा म्हणायला मात्र मी तयार नाही.

अपमान झालेल्यांनी काय केलं, हे मला याहून महत्त्वाचं वाटतं. तेवढ्यापुरत्या घोषणा देऊन किंवा मराठी मंडळींशी भांडून त्यांना मोकळं होता आलं असतं. त्यांनी संताप कामाला लावला. माडपाटी हनुमंतराव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी वाचनालयं चालवली आणि खेड्यापाड्यांत चालणाऱ्या वेठबिगारीविरुद्ध आवाज उठवला. 1930 मध्ये जोगीपेठ इथे सुरवरम प्रताप रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली, जनसंघाच्या याच कामातून उभ्या राहिलेल्या आंध्र महासभेचं पहिलं अधिवेशन भरलं. मराठी भाषकांची महाराष्ट्र परिषद 1937 मध्ये परतूरला भरली, तोवर तेलुगू मंडळींचं वेगळं व्यासपीठ चांगलं रुजलं होतं.