ऐकणारा परीक्षक हवा

काशीच्या रामघाटावर वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील देवव्रत महेश रेखे या एकोणीस वर्षांच्या तरुणाने ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथे शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे दंडक्रम पारायण पूर्ण केले. सुमारे दोन हजार मंत्र, सलग ५० दिवस, केवळ स्मरणाच्या बळावर. पंतप्रधानांनी अभिनंदन केले, देशभर कौतुक झाले, आणि ते यथायोग्यच होते. त्यानंतर काही आठवड्यांनी त्या घाटाच्या पायऱ्या चढताना माझ्या मनात मात्र पाठ म्हणणाऱ्याइतकाच तो ऐकणाऱ्याचाही विचार होता.

दंडक्रमात मंत्रातील पहिली दोन पदे सरळ म्हणायची, मग उलट, पुढे तिसरे पद जोडून पुन्हा सरळ आणि उलट, मग चौथे. उलट क्रमात अर्थाचा आणि लयीचा आधार सुटतो. त्यामुळे जे खरोखर पक्के नाही ते तत्काळ उघडे पडते. या विकृतिपाठांकडे आपण स्मरणशक्तीचा चमत्कार म्हणून पाहतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ती गुणवत्ता राखण्याची व्यवस्था वाटते. पाठशाळेत चूक झाली की जाणकार कान तिथेच थांबवतो आणि विद्यार्थी ते पद पुन्हा म्हणतो. मापन आणि दुरुस्ती यांत क्षणाचेही अंतर नसते.

शास्त्राध्ययनात शलाकापरीक्षेची परंपरा होती. बंद पोथीत काडी घालायची, जे पान उघडेल त्यावर विद्यार्थ्याने विवेचन करायचे. आजच्या भाषेत याला यादृच्छिक नमुना निवड म्हणता येईल. कोणते पान निघणार हे ठाऊक नसल्याने सगळी पोथी तयार ठेवण्यावाचून इलाज नसे.

ही काडी मला माझ्या नोकरीतील एका सकाळची आठवण देते. जिल्ह्यात असताना एका प्राथमिक शाळेच्या तपासणीला गेलो होतो. तिसरीतील एका मुलीने मराठीचा धडा न अडखळता वाचून दाखवला. सहज म्हणून मी चार पाने पुढे उलटली आणि म्हटले, ‘बाळ, आता हे वाच.’ ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, ‘साहेब, तो धडा गुरुजींनी सांगितला नाही.’ धडा तिला पाठ होता. वाचता येत नव्हते. तपासणीच्या नमुन्यात पटसंख्या, स्वच्छतागृह, मध्यान्ह भोजन, खडू-फळा यांसाठी रकाने होते. अध्ययनासाठी एकच होता. त्यात मी ‘समाधानकारक’ लिहिले आणि सही केली, कारण पुढे आणखी तीन शाळा पाहायच्या होत्या. त्या मुलीचे पुढे काय झाले याची मी चौकशी केली नाही. नोकरीतील ज्या सह्यांबद्दल आज मला संकोच वाटतो, त्यांतील ही एक आहे.

त्यानंतर देशातील मापन खूप सुधारले, हे मान्य केले पाहिजे. ‘परख’ या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राने ४ डिसेंबर २०२४ रोजी घेतलेल्या सर्वेक्षणात ७८१ जिल्ह्यांतील ७४,२२९ शाळा आणि २१ लाखांहून अधिक विद्यार्थी होते. तिसरीतील ५५ टक्केच मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या क्रमाने लावता आल्या. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतील २३.४ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते, म्हणजे सुधारणा आहे. विशेष म्हणजे ‘असर’ची पद्धत मौखिक आहे: कार्यकर्ता घरी जातो, मुलासमोर मजकूर ठेवतो आणि ऐकतो.

तरीही हे सारे आकडे जिल्ह्याचे, राज्याचे, देशाचे असतात. नमुना सर्वेक्षण व्यवस्थेचे आरोग्य सांगते. माझ्यासमोर गप्प झालेल्या मुलीपर्यंत ते पोहोचत नाही, आणि तो त्याचा हेतूही नाही. तिची चूक तिच्याच वर्गात, त्याच आठवड्यात पकडणारा कान हवा. आपण तो निर्माण करण्याऐवजी पाचवी-आठवीत नापास करावे की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद घालतो. तिसरीतली चूक आठवीत कळवणे म्हणजे मूल्यमापन नव्हे, पंचनामा होय.

परीक्षकाचा कान हरवला की काय होते, हे पुण्याने पाहिले आहे. पेशव्यांच्या श्रावणमासी दक्षिणेत विद्वानांची परीक्षा घेऊन त्यांचा सन्मान होई. पण दुसऱ्या बाजीरावाच्या काळी पर्वतीच्या रमण्यात हजारोंना सरसकट दक्षिणा वाटली जाई. विद्येसाठीचा निधी हजेरीचा झाला. पुढे त्याच निधीच्या आधारे १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात पाठशाळा निघाली आणि सुधारकांच्या आग्रहानंतर १८५१ मध्ये मराठी ग्रंथांसाठी दक्षिणा प्राइज कमिटी आली. आपली सरसकट उत्तीर्णतेची प्रमाणपत्रे रमण्याच्या किती जवळ आहेत, हे वाचकांनीच ठरवावे.

वेदपाठशाळेचा आदर्श जसाच्या तसा घेता येणार नाही. ती व्यवस्था पाठाची शुद्धता तपासते, आकलन नव्हे. शिवाय शतकानुशतके तिचे दार फार थोड्यांसाठी उघडे होते. साऱ्या देशाच्या मुलांना शिकवणाऱ्या शाळेचे काम त्याहून अवघड आहे. पण ऐकण्याची शिस्त उसनी घेता येईल. ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान देण्याचे वचन दिले आहे. त्यासाठी शिक्षकाला महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाचे वाचन स्वतंत्रपणे ऐकण्याइतका वेळ मिळावा. तो माहिती भरण्याच्या कामांतून काढून द्यावा. केंद्रप्रमुखाने शाळेत जाऊन न शिकवलेले पान उघडावे. आणि जे आढळेल त्याबद्दल शिक्षकावर कारवाईची भीती नसावी, कारण भीतीपोटीच रकाने ‘समाधानकारक’ होतात. माझाही तसाच झाला होता, फक्त भीतीऐवजी घाईपोटी.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)