मातीकडे पुन्हा वळताना

हसनाबाद (ता. भोकरदन, जि. जालना) : पोळा जवळ आला की आपल्या भागातील मुले मातीचे बैल करू लागतात. शिंग तुटते, वशिंड ढासळते. त्याची खंत कोणी करीत नाही. पुढे शाळा, शेती, नोकरी, संसार यांच्या रगाड्यात मातीचा तो स्पर्श सुटतो. पन्नाशीत कोणी पुन्हा गोळा हाती घेतला, तर पहिला प्रश्न येतो : या वयात हे शोभेल का?

इंग्रज चित्रकार बर्नार्ड लीच यांचा कुंभारकामाशी संबंध १९११ साली टोकियोत आला, तोही स्नेह्यांच्या मेळाव्यात एका भांड्यावर सहज चित्र काढताना. भांडे थोड्याच वेळात भाजून हाती आले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. शांतिनिकेतनात कलेचे शिक्षण घेतलेल्या निर्मला पटवर्धन पुढे याच लीच यांच्याकडे शिकल्या. चित्रपटकार आनंद पटवर्धन यांच्या त्या मातोश्री. कुंभारकाम करणाऱ्यांसाठी त्यांनी लिहिलेले इंग्रजी मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध आहे.

आपल्या तालुक्याला तर ही परंपरा नवी नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथे १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन मृत्पात्रांचे अवशेष मिळाले.

मात्र शेतातील काळी माती जशीच्या तशी घेऊ नये. ती पाण्याने फुगते, वाळताना फार आकसते आणि तडकते. म्हणून जाणते कुंभार माती पारखून घेतात, खडे काढून भिजवतात, तीत राख, वाळू किंवा लीद मिसळतात आणि भरपूर तुडवतात. आत हवा राहता कामा नये. नवशिक्याचा उत्साह नेमका या मळण्यापाशीच ओसरतो! चाक नसले तरी अडत नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचून वाटी सहज होते. ती सावलीत सावकाश वाळवावी. ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन भांडे फुटते.

संदेष्टा यिर्मया याच्या ग्रंथात अध्याय १८ मध्ये चाकावर बिघडलेले भांडे कुंभार पुन्हा घडवितो. अध्याय १९ मधील फुटलेली सुरई मात्र सांधता येत नाही. कुंभाराच्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळते. कच्चे भांडे पाण्यात टाकले की पुन्हा चिखल होते. सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावर मातीच्या कणांत बांधलेले पाणी निघून जाते आणि मग ती परत विरघळत नाही. भाजण्यापूर्वी कितीही वेळा चुकण्याची मुभा आहे. प्रौढ माणसाला इतकी सवलत अन्यत्र क्वचितच मिळते.

पहिली वाटी बहुधा वाकडी होईल, पाणीही झिरपेल. झिरपणे हा दोष समजू नये. माठातील पाणी गार होते ते त्यामुळेच.