लाकडावरील कोरीव चित्र आणि मराठी ग्रंथमुद्रण

मराठी ग्रंथमुद्रणाच्या इतिहासाचा विचार करताना आपले लक्ष प्रामुख्याने अक्षराकडे असते. खिळे कोणी पाडले, छापखाना कोणी काढला, या प्रश्नांची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्याच पानावरील चित्राविषयी मात्र ‘शिळाछाप’ किंवा ‘ब्लॉक’ एवढीच नोंद करून अभ्यासक पुढे जातो. ही नोंद अपुरी आहे. कारण चित्र मजकुराच्या शेजारी बसणार की त्यापासून वेगळे पडणार, हे छपाईच्या पद्धतीवरच अवलंबून असे.

लाकडी ठशाची परंपरा प्राचीन आहे. चीनमधील इ. स. 868 चे सचित्र ‘वज्रसूत्र’ लाकडी ठशांनीच छापलेले आहे. आपल्याकडेही कापडावरील ठसेछपाई शतकानुशतके चालत आली. हे ठसे लाकडाच्या उभ्या फळीवर कोरले जात. काष्ठोत्कीर्णन ही त्याहून निराळी कला होय. तिच्यात खोडाचा आडवा छेद घेतात. तेथे लाकडाचे तंतू कोरणाऱ्या हाताला आडवे येत नाहीत. म्हणून धातूवर चालणारी अणकुचीदार सळई त्यावर सहज फिरते आणि अतिसूक्ष्म रेषा उमटते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील टॉमस ब्यूइक (1753–1828) याने ही पद्धत सिद्धीस नेली. राल्फ बेल्बी या धातूवर कोरकाम करणाऱ्या कारागिराकडे त्याने उमेदवारी केली होती. तेथील हत्यार त्याने बॉक्सवुडच्या घट्ट लाकडावर चालविले. 1790 मधील त्याच्या चतुष्पाद प्राण्यांवरील ग्रंथाने या कलेस प्रतिष्ठा मिळवून दिली.

या पद्धतीचे खरे महत्त्व केवळ सूक्ष्मतेत नाही. ठशाचा उंच राहिलेला भाग छापला जातो आणि कोरलेली रेषा पांढरी राहते. ठोकळ्याची उंची खिळ्यांइतकी ठेवली, की चित्र व मजकूर एकाच चौकटीत आवळून एकाच दाबाने छापता येतात. तांब्याच्या पत्र्याचे याच्या उलट असते. त्यावर शाई खाचेत भरतात, त्यामुळे त्याची छपाई खिळ्यांबरोबर होऊ शकत नाही.

हा फरक ध्यानात घेतला, की मिरजेच्या गीतेचा अर्थ उलगडतो. नाना फडणवीसांच्या काळी पुण्यात सुरू झालेला हा उद्योग 1805 मध्ये मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने तडीस गेला. येथेही कोरणारा हात धातुकाम करणाऱ्याचा, एका तांबटाचा होता. ब्यूइकच्या ठशाला सोबत जुळविलेल्या खिळ्यांची होती. आपल्या कारागिराला मात्र अक्षरांसह सारे पान तांब्यावर कोरावे लागले. उणीव कौशल्याची नव्हती. कोरीव चित्राला सामावून घेणारी खिळ्यांची व्यवस्था तेव्हा येथे रुजली नव्हती.

पुढे गणपत कृष्णाजींनी 1831 च्या सुमारास शिळाछापावर पंचांग छापले. शिळेवर हस्ताक्षर व आकृती एकत्र काढता येतात. म्हणून तेथेही लाकडी ठशाची निकड नव्हती. ती भासली खिळ्यांच्या छापखान्यांना. मिशनच्या मुद्रणालयांत आणि शालेय पुस्तकांच्या छपाईत ठशांना स्थान मिळाले. लाकडी ठशावरून धातूच्या प्रती करता येत असल्याने एकच चित्र देशोदेशी फिरे. त्यामुळे साहित्याच्या अभ्यासकापुढे एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो: एखादा पाठ लिहून झाल्यावर त्यास चित्र शोधले, की हाती असलेल्या ठशासाठी पाठ लिहिला? चित्रातील घर, झाड, पोशाख परका आणि मजकूर देशी, अशी विसंगती दिसल्यास हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

छपाईची पद्धत ओळखण्यास साधे भिंग पुरते. काळ्या भागातून पांढऱ्या बारीक रेषा काढलेल्या असतील आणि पानाच्या पाठीमागे दाबाचा उठाव जाणवत असेल, तर चित्र बहुधा लाकडी ठशाचे किंवा त्यावरून केलेल्या धातुप्रतीचे असते. शिळाछापात असा उठाव नसतो. खडूने काढलेल्या चित्रात दाणेदार पोत दिसतो. तांब्याच्या छपाईत पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब पुष्कळदा उमटतो. ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते चित्र हाफटोनचे समजावे.

1880 नंतर प्रसार पावलेल्या या हाफटोननेच काष्ठोत्कीर्णनाची गरज संपविली. तोही उठावाचाच ठसा असल्याने खिळ्यांसोबत बसे, शिवाय छायाचित्र थेट उतरवी. कोरणाऱ्या हाताची आवश्यकताच उरली नाही. पोटापाण्याचा धंदा म्हणून ही विद्या मावळली आणि कलावंताचे स्वतंत्र माध्यम म्हणून पुन्हा उभी राहिली. 1946 पासून दीर्घकाळ मुंबईत राहिलेल्या चित्तप्रसाद यांची लाकूड व लिनोलियमवरील कामे या उठावमुद्रणाच्याच कुळातील होत. तेथे कल्पना करणारा आणि कोरणारा एकच असतो व त्याचे नाव आपणांस ठाऊक असते.

जुन्या मराठी पुस्तकातील कोरणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच हाती लागते. म्हणून प्रबंधासाठी ग्रंथवर्णन करताना चित्राची पद्धत, पानावरील जागा, कोपऱ्यातील सहीसारखी खूण आणि अन्य पुस्तकांतील पुनरावृत्ती यांची नोंद ठेवावी. आवृत्त्यांचा संबंध लावण्यास ती उपयोगी पडेलच. शिवाय मराठी वाचकाने प्रथम पाहिलेले छापील जग कोणत्या हातांनी कोरले, याचा माग तिच्यावाचून लागणार नाही.