विश्लेषण : क्रूझवर कपडे धुता येतात, मग इस्त्री बॅगेत का नेता येत नाही?

सात-आठ रात्रींची क्रूझ बुक झाली की घरात पहिला वाद होतो तो बॅगांचा. रोज दोन जोड, रात्रीच्या जेवणासाठी वेगळे, पोहण्याचे वेगळे आणि फोटोंसाठी आणखी वेगळे. त्यापेक्षा कमी कपडे नेऊन तिथेच धुतले तर? जहाजावर लाँड्री असते का? खर्च किती येतो? आणि छोटी इस्त्री सोबत नेली, तर ती बोर्डिंगच्या वेळी काढून का घेतात? या प्रश्नांची उत्तरे जहाजावरचे पाणी, वीज आणि आग या तीन गोष्टींत दडलेली आहेत.

मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर हा प्रश्न येतो का?

फारसा नाही. २०२१ पासून मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला जाणाऱ्या ‘कॉर्डेलिया’च्या सहली प्रामुख्याने दोन ते पाच रात्रींच्या असतात. एवढ्या दिवसांचे कपडे एका मध्यम बॅगेत मावतात. खरा प्रश्न येतो तो भूमध्य समुद्र, अलास्का किंवा कॅरिबियनच्या सात ते चौदा रात्रींच्या सहलीत. विमानाची सामानमर्यादा आधीच पाळायची असते, केबिन छोटी असते आणि लहान मुले बरोबर असतील तर तिसऱ्याच दिवशी कपड्यांचा ढीग साचतो.

जहाजावर कपडे धुण्याची सोय कोणती असते?

साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला, नगावर आकारणी. केबिनच्या कपाटात एक पिशवी आणि एक छापील फॉर्म असतो. शर्ट किती, पँट किती हे लिहून पिशवी केबिन साफ करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे द्यायची. एक-दोन दिवसांत कपडे धुऊन, इस्त्री करून परत येतात. जास्त पैसे दिले तर लवकर मिळतात.

दुसरा, पिशवीवर आकारणी. अनेक कंपन्या सहलीच्या मध्यावर योजना जाहीर करतात : ठरलेल्या पिशवीत मावतील तेवढे कपडे, एकच रक्कम. यात कपडे धुऊन आणि घडी घालून मिळतात, इस्त्री बहुधा नसते. नाजूक कपडे, साड्या, लोकरीचे कपडे यात टाकू नयेत, कारण सगळे एकाच यंत्रात जाते.

तिसरा, स्वतः धुण्याची खोली. ‘प्रिन्सेस’ आणि ‘डिस्ने’ यांच्या जहाजांवर आणि ‘कार्निव्हल’च्या अनेक जहाजांवर प्रवाशांसाठी वॉशिंग मशीन आणि ड्रायर असतात, त्यांचे पैसे पडतात. ‘क्युनार्ड’वर ही सोय मोफत आहे. ‘रॉयल कॅरिबियन’च्या जहाजांवर मात्र अशी खोलीच नसते. त्यामुळे बुकिंग करतानाच एजंटला एक प्रश्न विचारावा : ‘या जहाजावर प्रवाशांना वापरता येईल असे वॉशिंग मशीन आहे का?’ एकाच कंपनीच्या दोन जहाजांवर उत्तर वेगळे असू शकते, म्हणून कंपनीचे नव्हे, जहाजाचे नाव घेऊन विचारावे.

खर्चाचा हिशेब कसा करावा?

समजा एका नगाला सरासरी ३ डॉलर पडतात आणि चौघांच्या कुटुंबाने प्रत्येकी १० कपडे दिले. ४० नगांचे १२० डॉलर झाले. डॉलर ८५ रुपये धरला, तरी ही रक्कम १० हजार २०० रुपये होते. त्यात काही टी-शर्ट असे असतील की धुण्याचा खर्च त्यांच्या किमतीपेक्षा जास्त! हे पैसे रोख द्यायचे नसतात, केबिनच्या खात्यावर चढतात. म्हणून शेवटच्या रात्री बिल हातात येईपर्यंत ते जाणवत नाहीत.

म्हणून साधा नियम : रोजचे कपडे असतील तर पिशवीची योजना किंवा स्वतः धुण्याची खोली. एखाद-दुसरा चांगला शर्ट किंवा कुर्ता असेल तरच नगावर. मोजे आणि आतले कपडे असतील तर केबिनचे बेसिन पुरे.

भर समुद्रात एवढे गोडे पाणी येते कुठून?

काही पाणी बंदरात भरून घेतले जाते, बरेचसे जहाजावरच तयार होते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते काढण्याच्या दोन पद्धती आहेत. एक आपल्या ओळखीची, आरओची. स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेल्या यंत्राचेच हे अजस्र रूप. फरक दाबाचा. घरच्या आरओला थोडा दाब पुरतो, समुद्राचे पाणी पडद्यातून ढकलायला मात्र वातावरणाच्या दाबाच्या ५० पटींहून अधिक दाब द्यावा लागतो.

दुसरी पद्धत बाष्पीभवनाची. जहाजाचे इंजिन प्रचंड उष्णता बाहेर टाकते. ती उष्णता समुद्राच्या पाण्याला देतात आणि टाकीतला दाब कमी ठेवतात. दाब कमी झाला की पाणी १०० अंशांच्या बरेच आधी उकळते. वाफ थंड केली की गोडे पाणी मिळते. म्हणजे केबिनमध्ये तुम्ही मोजे धुता, ते पाणी काही तासांपूर्वी समुद्रात असू शकते. ते तयार करायला इंधन खर्ची पडलेले असते, त्यामुळे नळ सोडून ठेवणे इथे घरच्यापेक्षाही महाग आहे.

मग इस्त्रीवर बंदी का?

कारण एकच, आग. बहुतेक क्रूझ कंपन्यांच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत कपड्यांची इस्त्री, वाफेचा स्टीमर, पाणी तापवायची किटली आणि मेणबत्त्या असतात. सामान स्कॅन करताना या वस्तू सापडल्या तर काढून घेतल्या जातात आणि सहल संपताना परत मिळतात.

घरात इस्त्री चालू राहिली आणि धूर झाला तर आपण दार उघडून बाहेर पळतो, अग्निशमन दलाला फोन करतो. जहाजावर बाहेर म्हणजे समुद्र. अग्निशमन दल म्हणजे जहाजावरचेच प्रशिक्षित कर्मचारी. केबिन एकमेकींना लागून असतात आणि धूर जिने, बोळ, हवेचे डक्ट यांतून फार वेगाने पसरतो. एका प्रवाशाच्या गाफीलपणाची किंमत हजारो जणांना मोजावी लागू शकते.

लाँड्रीतून खरेच कधी आग लागली आहे का?

हो, आणि ती जीवघेणीही ठरली आहे. दोन घटनांची अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सविस्तर चौकशी केली.

पहिली २७ जुलै १९९६ ची. ‘युनिव्हर्स एक्स्प्लोरर’ हे जहाज अलास्कात जुनोहून ग्लेशियर बेकडे निघाले होते. मुख्य लाँड्रीत आग लागली आणि दाट धूर वरच्या डेकवर गेला. तिथे कर्मचारी झोपलेले होते. धुराने गुदमरून पाच कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला, ५० हून अधिक जण जखमी झाले. बहुतांश भागात स्प्रिंकलर नसणे, झोपण्याच्या जागी आपोआप वाजणारे धुराचे अलार्म नसणे आणि उघड्या दारांतून धूर पसरणे, यांवर चौकशीत बोट ठेवले गेले.

दुसरी २० जुलै १९९८ ची. ‘एक्स्टसी’ हे जहाज २,५६५ प्रवासी आणि ९१६ कर्मचारी घेऊन मायामीहून की वेस्टकडे नुकतेच निघाले होते. मुख्य लाँड्रीत चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या यंत्राची दुरुस्ती चालू होती. परवानगी न घेता वेल्डिंग केले गेले आणि ठिणगी लिंटपर्यंत पोहोचली.

लिंट म्हणजे काय?

कपडे धुताना-वाळवताना सुटणारे बारीक तंतू. घरच्या वॉशिंग मशीनच्या जाळीत जो मऊ, राखाडी गोळा जमतो तोच. तो निरुपद्रवी वाटतो, पण तंतू अतिशय बारीक असल्याने प्रत्येक तंतूला चहूबाजूंनी हवा मिळते. त्यामुळे तो कापडापेक्षा कितीतरी लवकर पेटतो.

‘एक्स्टसी’वर हे लिंट हवा बाहेर टाकणाऱ्या डक्टमध्ये साचले होते. आग त्या डक्टमधून जहाजाच्या मागच्या बाजूला, नांगरणीचे दोरखंड ठेवलेल्या डेकवर पोहोचली. दोरखंडांनी पेट घेतला. जहाजाची चालकशक्ती आणि सुकाणू, दोन्ही बंद पडले आणि त्याला ओढून न्यावे लागले. आग आटोक्यात यायला रात्रीचे नऊ वाजून गेले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. नुकसान मात्र १ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक झाले.

त्यानंतर नियमांत काय आहे?

समुद्रावरील सुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारात आता ३६ हून अधिक प्रवासी नेणाऱ्या जहाजांच्या मुख्य लाँड्रीच्या डक्टसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. सहज काढून साफ करता येतील असे फिल्टर, आग लागताच डक्ट बंद करणारी झडप, दुरून पंखे बंद करण्याची सोय आणि आतून तपासणी करता येईल अशी झाकणे हवीत. एका लिंटच्या गोळ्यासाठी एवढी यंत्रणा!

प्रवाशांच्या खोलीतला ड्रायर वापरताना आपल्या वाट्याला यातले एकच काम येते : आधी आणि नंतर जाळीतले लिंट काढणे. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.

एक्स्टेंशन बोर्ड नेला तर चालेल?

साधारणपणे नाही. विशेषतः सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड तर नकोच. घरच्या वायरिंगमध्ये एक फेज आणि एक न्यूट्रल असते, न्यूट्रल अर्थिंगशी जोडलेली असते. अनेक जहाजांवर तशी जोडणी नसते, दोन्ही तारांत वीज असते. घरासाठी बनवलेला सर्ज प्रोटेक्टर अशा वेळी एकच तार तोडतो आणि तापून पेटू शकतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याबाबत जहाजांना सावधगिरीचा इशारा दिला होता.

बाल्कनीत कपडे वाळत घालावेत का?

नाही. हा मोह आपल्याकडच्या प्रवाशांना हमखास होतो, कारण घरी गॅलरीत दोरी असतेच. चालत्या जहाजावर वारा एवढा असतो की टॉवेलही चिमट्यासकट उडतो. तो समुद्रात गेला तर कचरा, खालच्या डेकवर गेला तर अपघाताला निमंत्रण. शिवाय खारी, दमट हवा लागून कपडे चिकट होतात. बहुतेक कंपन्या कठड्यावर कपडे टाकायला मनाई करतात.

केबिनमध्ये कपडे कसे धुवावेत?

बऱ्याच केबिनच्या शॉवरमध्ये भिंतीतून ओढून काढायची एक बारीक दोरी असते. ती हलक्या कपड्यांसाठीच आहे, ओली जीन्स टाकली तर तुटते.

कपडे संध्याकाळी बेसिनमध्ये साबणाच्या वडीने धुवा. पिळून झाल्यावर कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि गुंडाळी दाबा. टॉवेल बरेच पाणी शोषून घेतो. मग दोरीवर एकमेकांना न चिकटवता घाला आणि बाथरूमचे दार थोडे उघडे ठेवा. बाथरूममधली हवा सतत बाहेर ओढली जाते, केबिनमधली एसीची कोरडी हवा आत येते. पॉलिस्टरचे कपडे सकाळपर्यंत वाळतात. जाड सुती कपडे ओलसर राहून त्यांना कुबट वास येऊ लागतो, म्हणून ते इथे धुऊच नयेत.

इस्त्रीचे काय? गरम पाण्याने आंघोळ करताना शर्ट बाथरूममध्ये हँगरला लावा, वाफेने चुण्या बऱ्याच सैल होतात. कडक इस्त्रीच हवी असेल तर कपडा नगावर इस्त्रीला द्या किंवा जिथे इस्त्री ठेवलेली असते तिथे धुण्याच्या खोलीत जाऊन करा.

धुतलेले पाणी जाते कुठे?

शौचालयाच्या सांडपाण्यासाठी ‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय कराराचे चौथे परिशिष्ट आहे. पण बेसिन, शॉवर आणि लाँड्रीचे पाणी त्यात येत नाही. काही भागांनी स्वतःचे नियम केले. अलास्कासाठी अमेरिकेने २००० मध्ये कायदा करून अशा पाण्यावरही बंधने घातली. इतरत्र किती शुद्धीकरण करायचे हे बरेचसे स्थानिक नियमांवर आणि जहाजाच्या यंत्रणेवर अवलंबून असते. म्हणून साबण बेताचा वापरावा.

आणि हे सगळे धुते कोण?

जहाजाच्या खालच्या डेकवर, खिडकी नसलेल्या जागेत लाँड्रीचे कर्मचारी पाळ्यांमध्ये काम करतात. चादरी, टॉवेल, जेवणाच्या टेबलांवरचे रुमाल, शेकडो गणवेश आणि त्यात आपली पिशवी. क्रूझ जहाजांवर भारतीय कर्मचारी मोठ्या संख्येने असतात. गोव्यात ‘तारवटी’ म्हणून ओळखली जाणारी माणसे तर पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर जात आली आहेत. सागरी कामगार करारानुसार त्यांचे काम २४ तासांत १४ तास आणि आठवड्यात ७२ तासांपेक्षा जास्त असू नये. १९९६ मध्ये धुराने गेलेले पाचही जण कर्मचारीच होते, हे इस्त्री लपवून नेणाऱ्याने लक्षात ठेवायला हवे.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

- जहाजाचे नाव घेऊन लाँड्रीची सोय आणि दर विचारा.
- कंपनीची निषिद्ध वस्तूंची यादी वाचा. इस्त्री, स्टीमर, किटली घरी ठेवा.
- सात रात्रींसाठी चार-पाच दिवसांचे कपडे घ्या, लवकर वाळणारे निवडा.
- साबणाची वडी, चार चिमटे आणि मळके कपडे वेगळे ठेवायला एक कापडी पिशवी घ्या.
- पिशवीत देण्याआधी खिसे तपासा. पेन, लायटर, केबिनचे कार्ड आत राहू देऊ नका.
- शेवटच्या दोन दिवसांत कपडे द्यायचे असतील तर परत कधी मिळतील हे आधी विचारा. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवाव्या लागतात, त्यानंतर आलेले ओले-सुके कपडे हातातच न्यावे लागतात.