परक्या रुळांवर आपलं इंजिन

इनर मंगोलियात हिवाळ्यात पारा उणे वीसच्याही खाली उतरतो. या शतकाच्या सुरुवातीची काही वर्षं ऐन याच दिवसांत ब्रिटन, जर्मनी, जपान, अमेरिकेतले रेल्वेप्रेमी तिथल्या जिंगपेंग घाटात येत. उघड्याबोडक्या टेकडीवर ट्रायपॉड रोवून मालगाडीची वाट बघत. गाडी दिसायच्या कितीतरी आधी कानांवर यायचा तो इंजिनांचा जड श्वास. मग वळणदार पुलावर एकामागे एक जोडलेली क्यूजे जातीची दोन काळी वाफेची इंजिनं दिसायची आणि त्यांच्या वर पांढराशुभ्र लोट. भेटीसाठी थंडीच का निवडायची, याचं उत्तर त्या लोटात आहे. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वाफेचे गार हवेत झटकन बारीक थेंब होतात. उन्हाळ्यात तीच वाफ जेमतेम दिसते.

या घाटातून जाणारा जिटाँग रेल्वेमार्ग सुरू झाला १९९५ साली. बहुतेक देशांनी वाफेची इंजिनं मोडीत काढली होती, तेव्हा चीनने जवळजवळ साडेनऊशे किलोमीटरचा कोरा मार्ग वाफेवर चालवायला घेतला. कोळसा मुबलक होता आणि इतर मार्गांवरून निघालेली इंजिनं हाताशी होती. ही इंजिनंही काही शतकापूर्वीची नव्हती. दातोंगच्या कारखान्यात ती १९८८पर्यंत बनत होती. डिसेंबर २००५मध्ये त्या मार्गावरची नियमित वाफ थांबली. पुढच्याच वर्षी त्यातली काही इंजिनं अमेरिकेतल्या आयोवात धावताना लोकांनी पाहिली.

इतक्या लांब येऊन हे लोक काय शोधत होते? चीनबद्दलचं कुतूहल होतंच. पण मला वाटतं, त्याहून मोठी ओढ होती ती स्वतःच्या देशात संपलेल्या गोष्टीची. ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरची वाफ ऑगस्ट १९६८मध्ये बंद केली. त्यानंतर तिथल्या हौशी माणसांनी वाफ जिथे उरली होती त्या देशांची वाट धरली, आणि भारत त्यांच्या यादीत वरच्या क्रमांकावर होता. आपल्या विदर्भातली यवतमाळ-मूर्तिजापूर ‘शकुंतला’च घ्या. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं इंजिन ती गाडी १९९४पर्यंत ओढत होतं. यवतमाळच्या माणसाला ती बाजाराला जायची रोजची गाडी होती. मँचेस्टरच्या माणसाला ते आपल्या गावचं, अजून कामावर असलेलं यंत्र होतं.

डिझेलवाल्यांचंही तेच. अमेरिकेतल्या आल्को कंपनीची इंजिनं बनणं १९६९मध्ये थांबलं, पण त्याआधीच वाराणसीच्या कारखान्याने ती बनवायला घेतली होती. डब्ल्यूडीएम-२ ही त्यातली डिझेल इंजिनांची जात आणि तिच्या पुढच्या पिढ्या मिळून हजारो इंजिनं तिथून बाहेर पडली. पुणे आणि कल्याणच्या शेडमधली ती इंजिनं, चढाला लागताना निघणारा काळा धूर, उभी असताना येणारी अडखळती गुरगुर हे सगळं आपल्याला इतकं सवयीचं होतं की त्याकडे मुद्दाम बघावं असं फार थोड्यांना वाटलं. आल्कोवर जीव असलेल्या अमेरिकन माणसाला मात्र भारत म्हणजे माहेरच वाटावं.

प्रवास उलट्या दिशेनेही झाला आहे आणि ती गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला आला. पुढे त्याने बार्शी लाइट रेल्वे उभी केली. १८९७ साली ती बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावू लागली. अडीच फुटी गेज, हलके रूळ. कॅल्थ्रॉपने इंजिनापासून वाघिणीपर्यंत प्रत्येक आसावरचा भार पाच टनांवर बांधला. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता आला. १९०६पासून हीच गाडी वारकऱ्यांना पंढरपूरला नेऊ लागली. हा अनुभव गाठीला बांधून त्याने इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेचं काम केलं. १९०४ साली ती सुरू झाली. तेच गेज, पुढे भलामोठा दिवा लावलेली इंजिनं, व्हरांड्याचे पिवळे डबे. इंग्लंडच्या हिरव्या दरीत ती गाडी गरम मुलुखातून आल्यासारखी दिसायची. १९३४मध्ये ती बंद पडली आणि तिच्या वाटेवर आता लोक पायी फिरतात. पण नॅरोगेजवर प्रेम करणाऱ्या इंग्रजांना बार्शी हे नाव माहीत असतं ते या नात्यामुळे.

या पाहुण्या नजरेची एक उणीवही सांगायला हवी. तिला इंजिन दिसतं, फायरमन दिसत नाही. फोटोत काळाकुट्ट धूर हवासा वाटतो, पण काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा आणि त्यासमोर राबून काजळलेला माणूस. विजेचं इंजिन आल्यावर त्या माणसाला सुटल्यासारखं वाटलं असेल, तर त्याच्यावर रुसायचा हक्क कॅमेरा घेऊन चार दिवस आलेल्या माणसाला नाही. तरीही बाहेरच्यांनी जपून ठेवलेलं आपण नाकारू नये. आपल्या मार्गांचे कितीतरी जुने फोटो आज पाहायला मिळतात ते अशाच पाहुण्यांनी काढले म्हणून.

आपल्यालाही अशा पाहुण्या नजरेने इंजिन पाहता येईल आणि त्यासाठी स्वित्झर्लंड गाठायला नको. तिथल्या गोटहार्ड मार्गावरच्या लांब नाकाच्या ‘क्रोकोडाइल’ इंजिनांची भावंडं जीआयपीने १९२०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या घाटांसाठी मागवली. त्यातली पहिली विंटरथूरच्या कारखान्यात बनली. मधे केबिन, दोन्हीकडे वळणावर झुकणारी नाकं, चाकांना जोडणारे जाड दांडे. भोर आणि थळ घाटांत या इंजिनांनी कित्येक दशकं मालगाड्या चढवल्या. त्यातलंच एक, ‘सर लेस्ली विल्सन’, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या हेरिटेज गल्लीत ठेवलेलं आहे. पुढच्या वेळी गाडीला वेळ असेल तेव्हा फलाटावर ताटकळण्यापेक्षा तिथे जा, मुलांना सोबत न्या आणि त्या चाकांचे दांडे जवळून दाखवा.